चांदणीतला सात

५६ ए.पी.ओ.
९ ऑक्टोबर १९७३

आनंदा, जयभीम.

तुझा जयभीम मी घालायचा आणि माझा रामराम तू, हा आपला छप्पन सालापासूनचा करार मी पलटणीत राहूनही मोडलेला नाही, हे आधी नोंदवून ठेव. कुहीच्या शाळेतल्या गुरुजींना आपलं हे बरं वाटलं असतं की नाही, देव जाणे.

दसरा झाला. तू त्या दिवशी दीक्षाभूमीवर असशील आणि सिंधूवहिनी तुला गर्दीत शोधत असतील, असं मनात येत होतं. इकडे आमची शस्त्रपूजा जोरात झाली. तुला माहीतच आहे, पलटणीची सगळी हत्यारं माझ्या कोतीत असतात, म्हणजे दसऱ्याला खरा यजमान मीच. पोरांनी आठवडाभर हात काळे केले. सगळ्या रायफलींचे बोल्ट काढून देवीपुढे कमळासारखे मांडले, चांदीसारखे लखलखत होते. कमांडिंग साहेब बघत उभे राहिले आणि म्हणाले, “भोयर, ऐसी कोत मैंने कहीं नहीं देखी।” जून महिन्यात नायब सुभेदारीच्या बढतीचा बोर्ड आहे, तेव्हा हे वाक्य साहेबांच्या लक्षात राहिलं तर बरं.

आता खरी बातमी. मागच्या वर्षी बदलीचे बोल्ट आले होते, ते पावसाळ्यात नीट पाहिले. काहींवर, मागच्या टेकूच्या अगदी शेजारी, बारीक चांदणी आणि चांदणीत सात. माझ्या सुट्टीत तू मला तुझा तपासनिसाचा ठसा दाखवला होतास ना, कागदावर उमटवून? तोच. हिंगण्याच्या कारखान्यात तू हातात धरलेला तुकडा इतक्या दूर माझ्या हातात आला. मी पोरांना सांगितलं, हा माझा माणूस आहे. ते बोल्ट मी दुसऱ्या कोणाला देत नाही. आठवड्याला एकदा स्वतः घेऊन बसतो आणि चांदणी चमकेपर्यंत चमकवतो.

रंभाला सांग, मनिऑर्डर उशिरा येईल.

तुझा
नत्थू


सक्करदरा, नागपूर
२४ ऑक्टोबर १९७३

नत्थू, रामराम.

तुझं पत्र सिंधूने मोठ्याने वाचलं आणि चांदणीच्या ठिकाणी आल्यावर थांबून माझ्याकडे बघितलं. दिवसभर टेबलाशी बसून मी गेज लावून बोल्टाचं माप बघतो, बरा असला तर ठसा मारतो, नसला तर लाल रंगाचं बोट ओढून बाजूला टाकतो. त्यानंतर तो तुकडा कुठे जातो, कोण वापरतो, काही कळत नाही. आमच्या कामात प्रत्येक तपासनिसाचा ठसा वेगळा. तो माझ्याशिवाय कोणी वापरायचा नाही आणि मी तो कोणाला द्यायचा नाही. चूक निघाली तर ठशावरून माणूस सापडतो. चांगलं निघालं तर कोणी शोधत येत नाही. तू पहिलाच.

तुझ्या चांदीबद्दल मात्र माझ्याजवळ बोलू नकोस. आमचा बोल्ट काळा असतो. कोळशासारखा काळा पाठवतो आम्ही, मुद्दाम. तुझ्या कमळाला जरा तेल लागलं असेल, त्यावर दिव्याचा उजेड पडला असेल आणि तुझ्या तोंडात त्याची चांदी झाली असेल. शाळेत असताना तू नागनदीतल्या माशाची लांबी सांगायचास, तसंच हे. बोर्डाच्या साहेबांना असलं काही सांगू नकोस.

आमचे मालक दत्तोपंत नवी भट्टी घेणार आहेत. सकाळच्या पाळीची बस आता सक्करदऱ्यापर्यंत येते, त्यामुळे सायकल सुटली. रंभावहिनींना निरोप दिला.

तुझा
आनंदा


५६ ए.पी.ओ.
१८ फेब्रुवारी १९७४

आनंदा, जयभीम.

हे पत्र लिहायला जिवावर आलं आहे. गेल्या आठवड्यात फायरिंगला पोरांना नेलं होतं. दोन-तीन रायफलींत गोळीच्या रिकाम्या पुंगळ्या अडकल्या. एकीत पुंगळी मागून फाटली आणि पितळेचा कण एका जवानाच्या भुवईला लागून गेला. डोळा वाचला. टाका घालून तो परत आला आणि जेवला सुद्धा, पण माझं जेवण काही उतरलं नाही.

हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने सगळ्या रायफली तपासल्या. एक गेज असं असतं की त्यावर बोल्ट बंद व्हायलाच नको, हे मी तुला काय सांगणार. ते आत ठेवलं आणि बोल्ट सुखाने बंद झाला. म्हणजे झीज. थोडी झीज बऱ्याच बोल्टांवर आहे, पण हद्दीबाहेर गेलेले जवळजवळ सगळे चांदणीतल्या सातचे आहेत. कॅप्टन साहेबांनी तसं लिहून वर पाठवलं, ठशाच्या नंबरासकट. मी समोर उभा होतो. माझ्या मित्राचा ठसा आहे, असं बोललो नाही. बोलून काय झालं असतं? भुवईवरून गेलं ते उद्या डोळ्यात गेलं असतं, तर मी तोंड कुठे लपवलं असतं.

पण आनंदा, हे झालं कसं? दुसऱ्या तपासनिसाचे बोल्ट त्याच पेटीतून आले, त्याच रायफलींत बसले, तेवढीच गोळी झेलली. ते टिकले. तुझे गेले. माझ्या डोक्यात काही शिरत नाही. मी तर तुझे सगळ्यांत जपले होते.

तुझा
नत्थू


सक्करदरा, नागपूर
११ मार्च १९७४

नत्थू, रामराम.

तुमच्या कॅप्टनचा कागद तुझ्या पत्राच्या आधीच फिरून इथे पोचला. दत्तोपंतांनी मला बोलावलं नाही, ते स्वतः टेबलाशी आले. सगळे मशीन चालवत होते, पण सगळे बघत होते. म्हणाले, “आनंदराव, चौकशी होईपर्यंत ठसा माझ्याजवळ द्या.” ओरडले नाहीत. माणूस वाईट नाही. नवी ऑर्डर थांबली आहे आणि भट्टीचा विचार मागे पडला आहे. मी दोरी गळ्यातून काढली आणि ठसा त्यांच्या हातात ठेवला. इतकी वर्षं ती दोरी गळ्यात होती, मान हलकी झाल्यासारखी वाटली आणि ते बरं वाटलं नाही.

आता मी पॅकिंगला आहे. दुसऱ्याने पास केलेले बोल्ट ग्रीसच्या कागदात गुंडाळतो. सिंधूला सांगितलं नव्हतं. धुवायला शर्ट काढून दिला तेव्हा तिच्या लक्षात आलं. “दोरी काहून नाही आज?” म्हणाली. मग सांगितलं. तिने चहा करून आणला.

त्या लॉटचे काही बोल्ट आमच्याकडे नमुन्याला ठेवलेले असतात. ते काढून पुन्हा तपासले, कडकपणा तपासला, एक तर मधोमध कापून पाहिला. तुला कळावं म्हणून सांगतो. बोल्टाला वरून फक्त पातळ कडक कातडी असते, भाकरीच्या पापुद्र्याएवढी समज. आतलं पोलाद मुद्दाम नरम ठेवतात, नाहीतर गोळीच्या धक्क्याने तडकेल. सगळा भार त्या मागच्या टेकूवर येतो, त्यामुळे तिथली कातडी शाबूत राहिली पाहिजे. आमच्या नमुन्यांची कातडी पुरेशी आहे, सगळीकडे सारखी. मला दोष सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणूनच झोप लागत नाही. सापडला असता तर मान्य केला असता.

वहिनी बऱ्या आहेत. त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

आनंदा


५६ ए.पी.ओ.
२ एप्रिल १९७४

आनंदा, जयभीम.

एक विचारतो, रागावू नकोस. हे बोल्ट तुझ्याकडून गेले त्या वर्षी उन्हाळ्यात तुझ्या आई, बायजाआत्या, आजारी होत्या आणि तू कुहीला जाऊन-येऊन करत होतास. रात्र जागून सकाळी कामावर जायचास. त्या दिवसांत एखादा लॉट तुझ्या डोळ्यांखालून तसाच गेला का? आईचं दुखणं असताना माणसाचं लक्ष राहत नाही, हे कोणालाही समजेल. तू दत्तोपंतांना तसं सांगितलंस तर ते समजून घेतील, ठपका हलका होईल. आपल्यात लपवाछपवी नको. मी तुला लहानपणापासून ओळखतो, तू अवघड गोष्ट बोलायला वेळ लावतोस.

खराब ठरलेले बोल्ट पेटीत घालून तुमच्याकडे परत पाठवले आहेत. राहिलेले चालू आहेत. त्यांची निगा मी आता दुप्पट करतो आहे, म्हणजे पुन्हा तक्रार व्हायला नको. बोर्डाच्या यादीत माझं नाव आलं आहे.

तुझा
नत्थू


सक्करदरा, नागपूर
२५ एप्रिल १९७४

नत्थू, रामराम.

तुझ्या पत्राचा मला राग आला. आईच्या दुखण्यात मी रजा घेऊन जात होतो आणि रजेच्या दिवशी ठसा कपाटात असायचा. माझं लक्ष नसेल तर मी ठसा मारत नाही. हे तुला माहीत नसावं याचं वाईट वाटलं.

पेटी आली. ती मीच उघडली, कारण पॅकिंगला मीच आहे. कागद सोडला आणि एकेक बोल्ट टेबलावर मांडला. नत्थू, तू खोटं लिहिलं नव्हतंस. ते खरोखरच चांदीसारखे आहेत. काळा रंग कुठे नावाला नाही. दत्तोपंत येऊन म्हणाले, वापराने किती झिजले बघा. पण वापराने झिजलेला बोल्ट टेकूवर घासतो आणि बाकी काळाच राहतो. हे चहूकडून सारखे पांढरे आहेत आणि भिंग लावलं तर बारीक आडव्या रेघा दिसतात. लोखंड घासायच्या एमरी पेपरच्या. चांदणीच्या आजूबाजूला सगळ्यांत जास्त. आणि चांदणीच्या शेजारीच टेकू.

तू थ्री-नॉट-थ्रीवर वाढलास. तो जुना बोल्ट पांढराच असायचा, चमकवायचाच असायचा, तुझ्या उस्तादांनी तुला तेच शिकवलं असणार. हा तसा नाही. तू दर आठवड्याला प्रेमाने त्याची कातडी काढलीस आणि मग नरम पोलाद गोळीच्या धक्क्याने बसत गेलं. दुसऱ्या तपासनिसाचे बोल्ट टिकले, कारण त्यांच्यावर तुझा जीव नव्हता. ते दसऱ्यालाच घासले गेले. एकावर तर चांदणी इतकी पुसट झाली आहे की सात आहे की एक, मला ओळखू येईना.

हे मला पेटी उघडली तेव्हाच कळलं होतं. गप्प बसायचं ठरवलं होतं. जूनमध्ये तुझा बोर्ड आहे, आणि पॅकिंगलाही पगार मिळतोच. पण तू दुप्पट निगा करतो आहेस असं लिहिलंस आणि गप्प राहता येईना. हे वाचशील त्या क्षणी एमरी पेपर बंद कर आणि घासलेला एकही बोल्ट रायफलीत ठेवू नकोस. पोरांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. ते कसं करायचं आणि वर काय सांगायचं, ते तू ठरव. मी इथे कोणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही.

आनंदा


सक्करदरा, नागपूर
३० जून १९७४

नत्थू, रामराम.

तुझं पत्र नाही. काल रंभावहिनी घरी आल्या होत्या. मनिऑर्डर आली, पण तिच्यावर खाली दोन ओळी सुद्धा नाहीत म्हणाल्या. मग दारात उभ्या राहून विचारलं, “भाऊजी, तुमचं दोघायचं काही बिनसलं का? हे मले काहीच लिहून नाही राहिले.” मी म्हटलं, काही नाही, बोर्डाची गडबड असेल. त्यांचा विश्वास बसला नाही. सिंधूने त्यांना बसवून पोहे खाऊ घातले.

कुहीकडे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले असं कळलं. पाऊस बरा आहे.

बोर्डाचं काय झालं तेवढं कळव. बाकी नाही लिहिलंस तरी चालेल.

आनंदा


५६ ए.पी.ओ.
१५ जुलै १९७४

श्री. आनंदराव रामटेके यांस,
स. न. वि. वि.

वरचा मायना मे महिन्यातला आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी लिहिला आणि पुढे शब्द सुचला नाही. कागद पेटीत तसाच पडला होता. फाडणार होतो, पण म्हटलं, असू दे, तुलाही कळू दे मी किती चिडलो होतो. आता त्याच कागदावर लिहितो. जयभीम, आनंदा.

मला वाटलं तू तुझा दोष माझ्यावर ढकलतो आहेस. कोतीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हत्यार साफ कसं करायचं ते पॅकिंगचा माणूस सांगणार, असं मनात आलं. असं मनात आलं हे लिहिताना शरम वाटते, पण आलं. तरी पत्र वाचलं त्याच दिवशी एमरी पेपर कोतीतून काढून टाकला आणि घासलेले बोल्ट बाजूला ठेवले. आर्मररला म्हटलं, मला शंका आहे. कसली, ते सांगितलं नाही.

मग राहवेना. साठ्यात ग्रीसमध्ये गुंडाळलेला, चांदणीतल्या सातचाच एक कोरा बोल्ट होता. तो आर्मररसमोर गेजवर लावला. बंद होईना, जसा व्हायला नको तसा. त्याच्यासमोरच बसलो आणि नेहमीप्रमाणे तो घासला. चांदणी चमकली. काही महिन्यांचं घासणं एका बैठकीत केलं एवढंच. पुन्हा गेजवर लावला. जरा जोर दिला आणि तो बंद झाला, आनंदा. आर्मरर म्हणाला, “उस्ताद, ये आपने क्या किया।” मी इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलं.

बोर्डाला आठवडा राहिला होता. बोर्ड होऊन जाऊ द्यावा, मग सांगावं, असं एक मन म्हणत होतं आणि ते मन लहान नव्हतं. रंभाला सुभेदारीण व्हायचं आहे, मलाही ते हवंच होतं. पण तू तिकडे दुसऱ्याचे बोल्ट गुंडाळतो आहेस, हे डोळ्यांपुढून जाईना. दोन्ही बोल्ट आणि एमरी पेपर घेऊन कॅप्टन साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं. मी तुझं नाव सांगितलं आणि म्हटलं, ज्याचा ठसा आहे त्याच्या.

यादीतून माझं नाव या वर्षापुरतं काढलं आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मेसमध्ये गेलो नाही. पण नवा कागद वर गेला आहे आणि त्यात लिहिलं आहे की माल चांगला होता, निगा चुकली. त्याची प्रत तुमच्या दत्तोपंतांना येईल. आईच्या दुखण्याचं मी लिहिलं, ते माझ्याकडून परत घे.

रंभाला मी वेगळं पत्र टाकलं आहे.

तुझा
नत्थू


सक्करदरा, नागपूर
८ ऑगस्ट १९७४

नत्थू, रामराम.

कागद आला. दत्तोपंतांनी तो दोनदा वाचला आणि पुन्हा तसेच चालत माझ्याकडे आले, या वेळी पॅकिंगच्या टेबलाशी. सगळे पुन्हा बघत होते. त्यांनी खिशातून ठसा काढला. दोरी नवी होती, जुनी त्यांच्या कपाटात कुजली असावी. माझ्या हातात द्यायला लागले, मग थांबले आणि स्वतःच माझ्या गळ्यात घातली. “आनंदराव, मी घाई केली,” एवढंच म्हणाले. मला राग धरता आला नाही. कागदात जे लिहून आलं होतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, बस. आता प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालायचं ठरलं आहे, हिंदीत, की काळा रंग घासू नये. मजकूर मी लिहून दिला. लिहिताना तुझीच आठवण येत होती.

रंभावहिनी आल्या होत्या. मला वाटलं, रागावतील. सुभेदारी गेल्याचं बोलल्या, डोळे पुसले, मग म्हणाल्या, “त्यायनं बरोबरच केलं, पण मले विचारून केलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.” सिंधू हसली, मग त्याही हसल्या. हे तुला सांगू नका म्हणाल्या आहेत, म्हणून सांगतो.

नत्थू, माझ्यासाठी आजवर कोणी एवढं केलेलं नाही. तोंडावर मला हे बोलता येणार नाही, म्हणून पत्रात.

तुझा
आनंदा


५६ ए.पी.ओ.
२७ ऑक्टोबर १९७४

आनंदा, जयभीम.

दसरा झाला. या वर्षी बोल्ट रायफलींतच ठेवले, काळेच. लाकडी दस्त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल, बस. कमळ मांडलं नाही. कमांडिंग साहेबांनी नवीन आलेल्या साहेबांना कोत दाखवायला आणलं होतं. बघून म्हणाले, “भोयर, इस साल चमक नहीं है?” मी म्हटलं, “नहीं साहब, इस साल रायफल ठीक है।” कॅप्टन साहेब मागे उभे होते, ते हसले. नवीन साहेबांना काही कळलं नाही.

पूजेच्या दिवशीच तुमची नवी पेटी आली. चिठ्ठी वर होती, तुझं अक्षर मी छापलेल्या ओळीतही ओळखलं, कारण तू अजूनही शेवटच्या वाक्यात विनाकारण कृपया लिहितोस. ग्रीस पुसलं आणि भिंग लावून एकेक बघत गेलो. काळ्यावर काळं, त्यामुळे उजेडाला तिरपं धरावं लागतं. मग दिसली. चांदणी, आणि चांदणीत सात, धारदार.

माझ्या हाताखालचा नवा लान्स नाईक भला पोरगा आहे. त्याने चिंधी आणली आणि म्हणाला, उस्ताद, द्या, जरा पुसून चमकवतो, ठसा उठून दिसेल. माझा हात पुढे झाला होता, सवयीने. मग बोल्ट तेलाच्या फडक्यात परत ठेवला.

म्हटलं, राहू दे गा. तो माणूस मले आहे तसाच दिसते.

तुझा
नत्थू